मॉडेल विमानाचे नवे ३० सीसी पेट्रोल इंजिन रन-इन कसे करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आजवर मिथेनॉलवर चालणारी ग्लो इंजिने उडवलीत, आता प्रथमच डीएलई-३० हे पेट्रोल इंजिन घेतले आहे, आणि ते रन-इन कसे करावे, म्हणजे नवे असताना सुरुवातीला कसे चालवून मुरवावे, याविषयी आपल्याला दोन टोकांचे सल्ले मिळाले आहेत. एक ज्येष्ठ सांगतात की पाच लिटर पेट्रोल जमिनीवरच्या स्टँडवर मंद गतीने जाळल्याशिवाय इंजिन विमानाला लावू नये. दुसरे म्हणतात की आजच्या इंजिनांना रन-इन लागतच नाही, लावा आणि उडवा. तेल कोणते व किती घालावे आणि रन-इन झाले हे ओळखावे कसे, हेही आपण विचारले आहे. दोन्ही सल्ले मला मान्य नाहीत, पण त्यांतल्या त्यात पहिला अधिक नुकसान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीवर तीन टाक्या, त्याही थ्रॉटल सतत खालीवर करीत, आणि उरलेले सगळे रन-इन हवेत, ही पद्धत मी बरीच वर्षे वापरतो आहे. ती का, हे आधी सांगतो, कारण कारण कळले की पद्धत लक्षात ठेवावी लागत नाही.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. खोक्यावर आणि जाहिरातींत या इंजिनाला ‘गॅस इंजिन’ म्हटलेले असते, कारण अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात. मुलाला इंजिन घेऊन देणाऱ्या एका पालकांनी मला सिलिंडर कुठला लावायचा, असे अगदी गंभीरपणे विचारले होते, म्हणून हा खुलासा करण्याची सवय लागली आहे. आपले इंजिन म्हणजे साधे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, ज्याला टूटी ऑइल मिसळलेले पेट्रोल लागते. ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक चेतक चालवली आहे आणि नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ची चिठ्ठी पाहिली आहे, त्यांना यातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे.

आता आत नेमके काय घडते ते पाहू. डीएलई-३० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३६ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली सरक) ३० मिलिमीटर आहे, म्हणजे आकारमान ३०.५ सीसी होते. या वर्गातल्या इंजिनांचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे असते, त्याच्या आतल्या भिंतीवर अतिशय कठीण धातूचा पातळ मुलामा असतो, आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर लोखंडी रिंग बसवलेली असते. भिंत आणि रिंग या दोन्हींचे पृष्ठभाग नव्या इंजिनात डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे रिंग भिंतीला सगळीकडे न टेकता काही ठिकाणीच टेकते. हे उंचवटे झिजून रिंगचा पूर्ण परीघ भिंतीला लागणे, यालाच रिंग बसणे म्हणतात, आणि रन-इन म्हणजे मुख्यतः एवढेच. बेअरिंगे कारखान्यातून तयारच येतात, त्यांना रन-इनची फारशी गरज नसते.

इथे एक बारीक मुद्दा आहे, आणि सगळे उत्तर त्याच्यावर उभे आहे. रिंगला स्वतःची स्प्रिंगसारखी ताण असते खरी, पण ती थोडी असते. रिंगला भिंतीवर खरे दाबून धरतो तो ज्वलनाचा दाब. जळालेला वायू रिंगच्या वरच्या फटीतून तिच्या पाठीमागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. थ्रॉटल उघडले की हा दाब वाढतो, थ्रॉटल बंद असले की तो नगण्य असतो. म्हणजे इंजिन तासन् तास आयडलवर, म्हणजे किमान गतीवर, गुरगुरत ठेवले, तर रिंग भिंतीवरून नुसती सरकत राहते, झिजायला हवी तशी झिजत नाही. उलट रिंगच्या कडेने खाली निसटणारा वायू आणि अर्धवट जळालेले तेल मिळून भिंतीवर चकचकीत थर धरतो. तो थर एकदा धरला की पुढे कितीही लिटर जाळले तरी रिंग नीट बसत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे पहिले पेट्रोल इंजिन मी ग्लो इंजिनाच्या सवयीने रन-इन केले. मिश्रण चांगले रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त असे, ठेवले, स्टँडला बांधले, आणि एक अख्खा रविवार आयडलच्या थोड्या वर चालवत बसलो. इंजिन थंड राहिले, मला समाधान वाटले. पुढच्या महिन्यात विमान उडू लागले तेव्हा प्रॉप (पुढचा पंखा) हाताने फिरवताना कॉम्प्रेशन मऊ लागत होते आणि मफलरमधून काळे तेल टपकून विमानाचे पोट भरून जात होते. मफलर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारली, तर रिंगच्या खाली पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या बाजूवर, बोटभर रुंदीचा तपकिरी डाग होता, म्हणजे वायू रिंगला वळसा घालून खाली जात होता, आणि सिलिंडरची भिंत आरशासारखी झाली होती. शेवटी सिलिंडर उतरवून रिंग बदलावी लागली. इंजिनात मुळात काही दोष नव्हता, दोष माझ्या लाडांचा होता.

ग्लो इंजिनाची सवय इथे का चालत नाही, हे आपल्यासाठी विशेष सांगायला हवे. ग्लो इंधनात साधारण १८ ते २० टक्के तेल असते, पेट्रोलच्या मिश्रणात तीन टक्क्यांच्या आसपास. शिवाय मिथेनॉलचे बाष्प होताना ते पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेते, म्हणून ग्लो इंजिन रिच केले की ते खरोखरच थंड पडते. पेट्रोल इंजिन रिच केल्याने थंडावा त्या मानाने थोडाच मिळतो, पण पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगच्या खाचेत काजळी मात्र भरपूर बसते. ज्या एबीसी प्रकारच्या लहान ग्लो इंजिनांना रिंगच नसते, त्यांचा तर हिशोबच वेगळा, त्यांत निमुळत्या सिलिंडरला गरम करून त्याचा आकार जुळवायचा असतो. तेव्हा ग्लोचे ज्ञान बाजूला ठेवून सुरुवात करावी, हे बरे.

तेलाकडे वळू. डीएलईच्या पुस्तिकेत ३०:१ असे प्रमाण दिले आहे, म्हणजे एक लिटर पेट्रोलला सुमारे ३३ मिलिलिटर तेल. रन-इनच्या काळात मी तेच पाळतो आणि साधे, चांगल्या दर्जाचे खनिज तेल वापरतो, ज्याच्या डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू-स्ट्रोक तेलाच्या जपानी दर्जाखुणा) असे लिहिलेले असते. सिंथेटिक तेल वाईट नाही, पण ते घर्षण इतके कमी करते की रिंग बसायला वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे, म्हणून ते नंतरसाठी ठेवतो. तेल ‘अंदाजे’ ओतू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलिलिटरची सुईविना सिरिंज ठेवावी, तिच्यासारखे अचूक मोजमाप दुसरे नाही.

तेलाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. नवे इंजिन आहे, जरा जास्तच तेल घालू या, म्हणजे ते सुरक्षित राहील, असे म्हणत काही जण २०:१ करतात. पण कार्ब्युरेटरच्या जेटमधून जितके मिश्रण जायचे तितकेच जाते. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा कमी होतो, तेल घट्ट असल्याने मिश्रण वाहतेही हळू, आणि हवेच्या मानाने इंधन कमी पडून इंजिन लीन होते. म्हणजे नीडल, अर्थात इंधन कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू, न बदलता तेल वाढवणारा माणूस इंजिन गरम करण्याचीच व्यवस्था करत असतो. तेलाचे प्रमाण बदलले की नीडल पुन्हा लावावी लागते, हे कायम लक्षात ठेवावे.

पेट्रोलची आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या, इथेनॉलविरहित पेट्रोलवर लावलेली नीडल ई-२० वर लीन ठरते आणि थोडी उघडावी लागते. त्याहून त्रासदायक म्हणजे इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो. विमानाच्या टाकीतला क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचे वजन, नेमका तळाशीच लोळत असतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट तेल नसलेल्या त्या थराचा मिळतो. कोकणात पावसाळ्यात अर्धा भरलेला डबा महिनाभर ठेवून नंतर नव्या इंजिनात ओतणे म्हणजे संकटाला हात देऊन बोलावणे आहे. रन-इनसाठी एका वेळी दोन लिटरच मिश्रण करावे, ते धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावे. उरले तर मोटारसायकलच्या भरलेल्या टाकीत थोडे थोडे ओतून टाकावे, तिचे काही बिघडत नाही.

टाकीची नळी ग्लोची सिलिकॉनची असेल तर ती काढून टाका. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगते, मऊ पडते आणि जोडावरून सुटते. पिवळसर टायगॉनची नळी आणि पेट्रोलला टिकणारे बूच हवे. कार्ब्युरेटरच्या आत इंधन शिरते तिथे नखाएवढी बारीक जाळी असते, टाकीतला कचरा तिथे अडकतो आणि इंजिन आयडलवर छान चालून थ्रॉटल उघडताच मरते. म्हणून डब्यातून टाकीत भरताना गाळणी आणि टाकीत फेल्टचा क्लंक, ही दोन्ही असावीत.

स्टँड भक्कम हवा, यावर मी आग्रही आहे. डगमगणाऱ्या टेबलाला क्लॅम्प केलेले इंजिन इतके हादरते की टाकीतल्या पेट्रोलला फेस येतो, कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम भलतेच फडफडते, आणि आपण निष्पाप नीडलला फिरवत बसतो. जाड प्लायवूड, लोखंडी अँगल, आणि वजनाला दोन सिमेंटच्या पिशव्या, एवढे पुरते. स्टँड नसेल आणि विमान तयार असेल, तर विमानातच, शेपटी पक्की बांधून, काऊल (इंजिनावरचे आवरण) काढून पहिल्या टाक्या चालवल्या तरी हरकत नाही. प्रॉप १८ बाय ८ (१८ इंच व्यास, ८ इंच पिच म्हणजे एका फेऱ्यातली पुढची सरक) लाकडी घ्यावा, बॅलन्स करून. २० बाय ८ सारखा जड प्रॉप रन-इनला नको, कारण तो इंजिनाला वर चढू देत नाही आणि कमी फिरण्यात जास्त भार पडून गरमी वाढते. लाकडी प्रॉपचे बोल्ट पहिल्या चालवणीनंतर हमखास सैल लागतात, कारण लाकूड दाबले जाते. इंजिन थंड झाल्यावर ते पुन्हा आवळलेच पाहिजेत.

सुरक्षिततेचे एकच गणित सांगतो. १८ इंची प्रॉप मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ६४५ किलोमीटर होतो. म्हणून प्रॉपच्या बाजूला, त्याच्या फिरण्याच्या पातळीत, कोणीही उभे राहू नये, आणि नीडल नेहमी इंजिनाच्या मागून फिरवावी. हाताने प्रॉप मारताना चामड्याचा जाड हातमोजा घालावा, ढगळ बाही, ओढणी, गळ्यातली नेक-स्ट्रॅप दूर ठेवावी. अग्निशामक सिलिंडर आणि भिजवलेले गोणपाट हाताशी असावे. इग्निशन बंद करायचे बटण असे ठेवावे की प्रॉप न ओलांडता हात पोहोचेल.

सुरू करताना प्रथम इग्निशन बंद ठेवून, चोक लावून, थ्रॉटल थोडे उघडे ठेवून प्रॉप फिरवत राहावे, जोवर नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत आलेले दिसत नाही. त्यानंतर इग्निशन चालू करून चोकवरच मारावे. इंजिन एकदा ‘फट’ करून थांबेल, म्हणजे त्याने हुंकार दिला. मग चोक काढून मारावे, दोन-चार फटक्यांत ते लागेल. नवे इंजिन कधी पंधरा-वीस फटके घेते, त्याने घाबरू नये. प्लगच्या कॅपमध्ये प्लग नसताना किंवा प्लग सिलिंडरपासून दूर लोंबत असताना इग्निशन चालू करून प्रॉप कधीही फिरवू नये, ठिणगीला वाट न मिळाल्याने इग्निशनचा बॉक्स जळू शकतो. प्लग एनजीके सीएम-६ आहे, त्याची फट ०.४५ ते ०.५ मिलिमीटर आहे का, हे फीलर गेजने आधीच पाहावे. खोक्यातून आलेली फट नेहमी बरोबर असतेच असे नाही.

पहिल्या टाकीला, म्हणजे माझ्याकडच्या ३५० मिलिलिटरच्या टाकीला, मी इंजिन अर्धा मिनिट गरम होऊ देतो आणि मग थ्रॉटल पाव ते अर्धे यांच्या मध्ये सतत हलवत ठेवतो. पंधरा-वीस सेकंदांहून अधिक काळ ते एका जागी ठेवत नाही. टाकी अर्धी संपली की अधूनमधून दोन-तीन सेकंद पाऊण थ्रॉटल देतो आणि लगेच खाली आणतो. टाकी संपल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, इतके की फिन्सवर (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांवर) तळहात निवांत ठेवता आला पाहिजे. हा मधला वेळ चहाचा आहे असे समजू नये, तो रन-इनचाच भाग आहे, कारण तापणे आणि निवणे यांच्या आवर्तनाने धातूचे ताण सैल होतात आणि आपल्याला बोल्ट तपासायला वेळ मिळतो.

दुसऱ्या टाकीला दहा सेकंद पाऊण आणि वीस सेकंद पाव, असा क्रम चालतो. तिसऱ्या टाकीला पूर्ण थ्रॉटल देतो, पण एका वेळी पाच ते दहा सेकंदच, त्यानंतर पाववर अर्धा मिनिट. इतके झाले की माझे स्टँडवरचे काम संपते. स्टँडवर प्रॉपच्या मधल्या भागातून सिलिंडरवर येणारा वारा तुटपुंजा असतो, तेथे पाती जाड आणि वेग कमी असतो. विमान हवेत असले की पुढे सरकण्याच्या वेगाने सिलिंडरला जे वारे मिळते ते स्टँडवर मिळतच नाही. म्हणूनच पाच लिटर स्टँडवर जाळणे हे थंड चालवले तर रिंगेला घातक आणि जोरात चालवले तर पिस्टनला घातक, असे दोन्हीकडून अडचणीचे ठरते.

गरमी मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवावा, तो आता स्वस्त मिळतो. प्लगच्या बुडाशी, सिलिंडर हेडवर, नेहमी एकाच जागी तो रोखावा, कारण त्याचा आकडा जागेनुसार बदलतो, आणि उपयोग आहे तो आकड्यांच्या तुलनेचा. माझ्या स्टँडवर हा आकडा १२० ते १४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो, १७० कडे सरकू लागला की मी कारण शोधेपर्यंत इंजिन बंद ठेवतो. मे महिन्यातल्या दुपारी रन-इन करूच नये, सकाळी सात ते दहा ही वेळ इंजिनालाही बरी आणि माणसालाही.

नीडलकडे बहुतेक जण फार लवकर वळतात. कार्ब्युरेटरला दोन नीडल असतात, कमी गतीची आणि जास्त गतीची, आणि दोन्ही पुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांवर ठेवून पहिली टाकी तशीच चालवावी. या प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये कमी गतीची नीडल पूर्ण थ्रॉटललाही थोडे इंधन देत राहते, त्यामुळे ती फिरवली की वरचेही गणित हलते. म्हणून क्रम असा असावा की आधी खालची, मग वरची, मग पुन्हा खालची. एका वेळी अष्टमांश फेराच फिरवावा आणि दहा सेकंद थांबून ऐकावे. थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन धूर सोडत अडखळत वर चढत असेल तर खालची नीडल रिच आहे, एकदम गप्प होऊन मरत असेल तर लीन आहे. पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटरवर (मिनिटाचे फेरे मोजणाऱ्या यंत्रावर) कमाल आकडा मिळेपर्यंत वरची नीडल बंद करत न्यावी आणि तेथून उघडून आकडा २०० ते ३०० ने खाली आणावा. नव्या इंजिनाला मी ३०० च ठेवतो. कमाल आकड्यावर सोडलेले इंजिन स्टँडवर छान वाटते, पण हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन ते आणखी वर चढते आणि लीन होते.

उंचीचाही फरक पडतो. किनारपट्टीवर लावलेली नीडल पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर किंचित रिच लागते, कारण हवा विरळ असते. उलट पुण्यात बारीक लावून ते विमान अलिबागच्या किनाऱ्यावर उडवले, तर लीनचा धोका येतो. प्रवासाला नेताना दोन्ही नीडल अष्टमांश उघडून न्याव्यात आणि तिथे जाऊन लावाव्यात.

आता ज्याने सर्वाधिक नवी इंजिने बिघडतात ती गोष्ट, आणि तिचा रन-इनशी थेट संबंध नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधला इन्सुलेटर ब्लॉक आणि त्याच्या गॅस्केटा यांतून हवा झिरपली, तर मिश्रण कितीही रिच केले तरी इंजिन लीनच चालते. लक्षण असे की आयडल एका जागी ठरत नाही, थ्रॉटल बंद केल्यावर आवाज लगेच खाली न येता रेंगाळतो, आणि गरम झाल्यावर नीडल उघडावी तितकी कमी पडते. माझ्या एका मित्राचे इंजिन दुसऱ्याच टाकीला जॅम झाले. सगळे म्हणाले रन-इन नीट केले नव्हते. उघडून पाहिले तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या रेघा उठल्या होत्या आणि कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. म्हणून चालवण्यापूर्वी ते स्क्रू आवळावेत. शंका आली तर आयडलवर चाललेल्या इंजिनाच्या जोडांवर सिरिंजने मिश्रणाचेच दोन-चार थेंब टाकून, आग लागणार नाही याची काळजी घेत, आवाज बदलतो का ते पाहण्याचा उपाय काही जण करतात, पण मला तो पसंत नाही. इंजिन बंद करून जोड उघडणे आणि नवी गॅस्केट बसवणे हेच शहाणपणाचे.

तीन टाक्या नीट झाल्यावर इंजिन विमानात घालावे आणि उरलेले रन-इन उडतच करावे. काऊल असेल तर हवा सिलिंडरच्या फिन्समधूनच जाईल अशा पट्ट्या आत लावाव्यात आणि हवा बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेच्या किमान दुप्पट ठेवावी. आत शिरायला मोठे तोंड आणि बाहेर पडायला फट, अशी काऊल मी कितीदा पाहिली असेल. इग्निशन आणि त्याची बॅटरी रिसीव्हरपासून फूटभर तरी दूर असावी. पहिली उड्डाणे अर्ध्या ते पाऊण थ्रॉटलने, सरळ आणि मोठ्या वळणांची करावीत, मध्ये मध्ये पूर्ण थ्रॉटलने चढाई करून पुन्हा खाली यावे. लांबच लांब उतरणीवर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून सूर मारणे टाळावे, कारण वाऱ्याने प्रॉप इंजिनाला वेगात फिरवत राहतो आणि त्या वेळी इंधन, म्हणजे पर्यायाने तेलही, जवळपास बंदच असते. उभ्या चढाया आणि टॉर्क रोल (नाक वर करून जागीच स्वतःभोवती फिरणे) पाच लिटरांनंतर.

पाच लिटर हा आकडा ज्येष्ठांच्या सल्ल्यातही होता आणि माझ्याही आहे, फरक इतकाच की त्यातले एक लिटर माझे जमिनीवर जळते. ३५० मिलिलिटरच्या टाकीवर मिश्र थ्रॉटलने मला पंधरा मिनिटे मिळतात, त्या हिशोबाने पाच लिटर म्हणजे चौदा टाक्या, साधारण साडेतीन तास. पण आकड्यापेक्षा खुणा पाहाव्यात. पहिली खूण हाताची: थंड इंजिनाचा प्रॉप फिरवताना कॉम्प्रेशन घट्ट लागते आणि तसेच धरून ठेवले तर दाब लगेच सुटत नाही. दुसरी टॅकोमीटरची: त्याच प्रॉपवर, त्याच हवेत, पूर्ण थ्रॉटलचा आकडा पहिल्या टाकीपेक्षा २०० ते ३०० ने वर जाऊन तिथेच स्थिर होतो. यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी: तारीख, तापमान, प्रॉप, दोन्ही नीडलच्या फेऱ्या आणि आकडा. तिसरी खूण आयडलची: सुरुवातीला १,८०० वरही धडपडणारे इंजिन १,६०० वर शांत बसते.

चौथी खूण मला सर्वांत आवडते. मफलरचे दोन स्क्रू काढा, पिस्टन प्रॉपने हळूच वरखाली करा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने रिंग पाहा. न बसलेल्या रिंगवर मधूनच चमकदार आणि मधूनच राखाडी असे तुकडे दिसतात, जिथे राखाडी तिथे ती भिंतीला अजून टेकलेली नाही. बसलेल्या रिंगवर सगळीकडे एकसारखी चमकदार पट्टी दिसते आणि तिच्या खालचा स्कर्ट स्वच्छ असतो. स्कर्टवर तपकिरी डाग दिसला आणि तो टाकीगणिक वाढत असेल, तर रिंग बसत नाही असे समजावे. अशा वेळी दोन-तीन उड्डाणे जरा जोरात, पण गरमीवर नजर ठेवून करावीत. बहुतेक वेळा डाग आपोआप आटतो.

पाच लिटर झाले आणि खुणा पटल्या, तर प्लग बदलावा, जुना अडीअडचणीसाठी ठेवून द्यावा. बोल्ट सगळे एकदा तपासावेत, विशेषतः फायरवॉलचे (इंजिन ज्या पाटाला बसते त्याचे) आणि मफलरचे. मग हवे तर सिंथेटिक तेलावर यावे आणि डब्यावर काहीही लिहिले असले तरी ४०:१ च्या पलीकडे, म्हणजे लिटरला २५ मिलिलिटरच्या खाली, आपल्या उन्हात जाऊ नये. तेल बदलले त्याच दिवशी नीडल नव्याने लावावी, आणि २० बाय ८ चा जो प्रॉप आपण आधीच घेऊन ठेवला आहे असे लिहिले आहे, तो त्यानंतर लावावा.